पेरलेल्या रुपयाचा माग: कोकण कृषी विद्यापीठाची पन्नास वर्षे

१८ मे १९७२ या दिवशी दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. परभणीच्या विद्यापीठाचा जन्मदिवसही हाच. राहुरीला १९६८ साली आणि अकोल्याला १९६९ साली विद्यापीठे झालेलीच होती. त्यामुळे १९७२ पासून राज्याच्या चारही विभागांना आपापले कृषी विद्यापीठ मिळाले. चौघांत कोकणचा मुलूख सर्वांत लहान आणि हिशेबाला सर्वांत अवघड. डोंगरउतारावरचे वरकस, बांधाबांधांनी तुकडे पडलेली खाचरे, खाडीकाठची खार जमीन, चार महिन्यांत कोसळून मोकळा होणारा पाऊस आणि उरलेले आठ महिने पाण्याची वाट पाहणारी विहीर, एवढ्या भांडवलावर इथली शेती चालते.

अशा मुलखात संशोधनावर लावलेला पैसा परत येतो का? येत असेल तर किती वर्षांनी आणि कोणाच्या हाती? सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने संस्थेचा इतिहास लिहायचा, तर इमारतींच्या कोनशिला आणि वाणांच्या याद्या यांच्यापेक्षा हा प्रश्न धरून लिहावा असे वाटले. मापासाठी दापोलीपासून लांबचे टोक घेतले आहे: उत्तर कोकणातले, वसई-विरारकडचे चांदीप. विद्यापीठाच्या आवारात पीक चांगले येतेच, त्यात नवल नाही. चांदीपच्या पावसाळी भातखाचरापर्यंत जे पोचले, ते खऱ्या अर्थाने पोचले.

विद्यापीठाआधी: १९१२ ते १९७१

विद्यापीठाचे वय पन्नास असले तरी त्याच्या कामाचे वय शंभराच्या पुढे आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासह १९१२ साली भातशेतीतल्या राबाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. रोपांच्या जागेवर शेण, डहाळ्या, पालापाचोळा, गवत आणि वर माती असे थर देऊन उन्हाळ्यात ते भाजायचे, मग पहिल्या पावसावर तिथे भात पेरायचा, ही कोकणाची जुनी रीत. वनखात्याच्या नजरेत ती जंगलाची नासाडी होती आणि शेतकऱ्याच्या नजरेत तिच्यावाचून रोप उभे राहत नव्हते. या भांडणात कोणी तरी भाजलेली माती प्रयोगशाळेत नेऊन तपासली, ही कोकणातल्या कृषी संशोधनाची चांगली सुरुवात म्हटली पाहिजे. गुण केवळ राखेचा नाही, माती तापल्यानेही तिच्यात बदल होतात, या दिशेने त्या अभ्यासाने विचार नेला.

याच मान यांनी १९१७ साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा घरोघरचा जमाखर्च मांडला. शेतीचे रसायनशास्त्र आणि शेतकऱ्याचे अर्थशास्त्र ही दोन वेगळी दालने आहेत, असे त्या पिढीला वाटत नव्हते. पुढे ती दोन दालने झाली आणि त्यांच्यामधल्या दाराला बरेच दिवस कडी लागून राहिली.

कर्जतचे भात संशोधन केंद्र १९१९ साली सुरू झाले. पहिली काही दशके तिथे मुख्यतः निवडीचे काम चालले. शेतकऱ्यांच्याच गावठी भातांतून चांगल्या ओंब्या वेचायच्या, त्यांचे बी वेगळे वाढवायचे आणि सरस ठरलेले परत शेतकऱ्याला द्यायचे. कोळंबा, झिन्या अशा नावांच्या मागे क्रमांक लागले ते या काळात. या कामाला खर्च फार नव्हता. संयम मात्र पुष्कळ लागत होता. मूळ माल शेतकऱ्याच्या पिढ्यांनी जपलेला होता, हे परताव्याच्या हिशेबात क्वचितच कोणी लिहिते. वाण 'केंद्राने दिला' असे म्हणायची सवय आपल्याला तेव्हापासूनची आहे.

स्वातंत्र्यानंतर धान्याची टंचाई होती. बोरिवलीच्या कोरा केंद्रात जपानी पद्धतीच्या भातलागवडीचे प्रयोग झाले आणि १९५३ पासून या पद्धतीची देशभर मोहीम निघाली. गादीवाफ्यावर रोपे, ओळीत लावणी, खताची मात्रा ही आज कोणत्याही कृषी सहायकाच्या तोंडी असलेली भाषा त्या मोहिमेने रूढ केली. भाट्ये येथे १९५५ साली नारळ संशोधन केंद्र, वेंगुर्ल्याला १९५७ साली फळ संशोधन केंद्र आणि दापोलीला १९६५ साली कृषी महाविद्यालय सुरू झाले. म्हणजे विद्यापीठाच्या स्थापनेआधीच भात, नारळ, आंबा, काजू या कोकणाच्या चारही मुख्य पिकांवर माणसे कामाला लागलेली होती.

कोकणाचे स्वतंत्र विद्यापीठ व्हावे यासाठी झटलेल्यांत पां. कृ. तथा बाळासाहेब सावंत यांचे नाव अग्रभागी आहे. मारोतराव कन्नमवारांच्या निधनानंतर १९६३ साली काही दिवस त्यांनी राज्याचे हंगामी मुख्यमंत्रिपद सांभाळले होते. कृषिमंत्री म्हणून त्यांना कोकणच्या शेतीची बलस्थाने आणि दुखणी दोन्ही ठाऊक होती. परंतु विद्यापीठ एका माणसाने उभे राहत नाही. जुन्या केंद्रांवरचे अधिकारी, पहिले प्राध्यापक, लोकप्रतिनिधी, शेतकरी आणि हजेरीपटावरचे मजूर अशा अनेकांच्या श्रमांची ती बेरीज होती.

१९७२ ते १९८०: जमवाजमव

कृषी खात्याकडची केंद्रे विद्यापीठाकडे आली आणि शिक्षण, संशोधन, विस्तार ही तिन्ही कामे एका छपराखाली आणायची जबाबदारी पडली. दापोलीला रेल्वे नाही. वेंगुर्ला आणि पालघर ही कार्यक्षेत्राची दोन टोके एकमेकांपासून पाचशे किलोमीटरांच्या घरात. कोकण रेल्वे तेव्हा कागदावरही धड नव्हती. केंद्राकेंद्रांमधला समन्वय बराचसा एस.टी.च्या वेळापत्रकावर चाले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

भातात हा काळ बुटक्या वाणांचा. हैदराबादच्या अखिल भारतीय समन्वित प्रकल्पातून १९६८ साली आलेला 'जया' कोकणभर पसरला. कर्जतने 'तायचुंग नेटिव्ह-१' या बुटक्या वाणाचा स्थानिक कोळंब्याशी संकर करून 'कर्जत-१८४' दिला. खत घातले की गावठी भात उंच वाढून लोळे; बुटका वाण उभा राही आणि भरघोस ओंबी देई. हेक्टरी उत्पादन वाढले, यात वाद नाही.

मात्र इथे हिशेबनिसाने थांबायला हवे. उंच भाताचा पेंढा जास्त. पेंढ्यावर घरची गुरे जगत, घरे शाकारली जात, आणि मुंबईच्या तबेल्यांना पेंढा विकून उत्तर कोकणात चार पैसे मिळत. दाणे वाढले आणि पेंढा घटला, तर निव्वळ वाढ किती? शिवाय 'जया'चा दाणा जाड. चांदीपसारख्या गावातले भात बहुतांशी घरात खायचे. तिथे बाजारभावापेक्षा जिभेचा भाव मोठा. म्हणून शेतकऱ्याने एका खाचरात जया लावला आणि शेजारच्यात बारीक दाण्याचा गावठी कोलम राखला. बाहेरच्याला तो अडाणीपणा वाटला. प्रत्यक्षात ते उत्पादन, पेंढा आणि चव या तिन्हींचे घरगुती अर्थशास्त्र होते.

संशोधनावरच्या खर्चाचा परतावा मोजण्याचे शास्त्र तोवर जगात रुळले होते. अमेरिकेत झ्वी ग्रिलिचेस यांनी १९५८ साली संकरित मक्याचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यावर झालेल्या संशोधनखर्चाच्या तुलनेत समाजाला दरवर्षी किमान ७०० टक्के लाभ होत आहे, असा त्यांचा निष्कर्ष गाजला. भारतात रॉबर्ट इव्हेन्सन आणि दयानाथ झा यांनी १९७३ साली, म्हणजे आपले विद्यापीठ वर्षाचे झाले तेव्हा, राज्यवार आकडे घेऊन कृषी संशोधनाचा उत्पादनवाढीतला वाटा शोधला. महाराष्ट्राला ही दृष्टी परकी नव्हती. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांचा अहवाल १९४८ सालीच दिला होता. फरक एवढाच की कालवा डोळ्यांना दिसतो आणि त्याखालची जमीन मोजता येते. वाणाचा कालवा कोणाच्या कणगीतून कोणाच्या कणगीत वाहत जातो, ते दिसत नाही.

१९८१ ते १९९०: दोन कोकणे

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९७९ साली राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्प सुरू झाला आणि हवामान, माती यांनुसार विभाग पाडून त्या त्या ठिकाणी संशोधन करण्याचे तत्त्व आले. कोकणाचे दोन विभाग झाले: जांभ्या मातीचा दक्षिण कोकण आणि बिगरजांभ्या मातीचा उत्तर कोकण. उत्तरेची जबाबदारी कर्जतकडे. रत्नागिरीच्या कातळावरची शिफारस वसईच्या काळसर खाचरात जशीच्या तशी चालत नाही, हे शेतकऱ्याला माहीत होतेच. आता ते निधीवाटपातही उतरले. पालघरच्या केंद्राचे भाताचे वाण, पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राचे 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' हे खारवट जमिनीत तग धरणारे वाण ही या विचाराची फळे.

खार जमिनीच्या वाणांचा परतावा मोजणे हा तर वेगळाच पेच. खाडीचे पाणी बांध फोडून आत शिरले की नेहमीचे भात जळते. तिथे नव्या वाणाने 'वाढ' होत नाही, जे गेले असते ते वाचते. वाचलेले पीक वाढीच्या तक्त्यात दिसत नाही. म्हणून असे संशोधन कायम गरीब दिसते आणि अंदाजपत्रकाच्या वेळी मागे पडते. आमच्या मते हा अन्याय आहे.

१९८१ हे वर्ष फळपिकांचे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून वेंगुर्ल्याला तयार झालेला 'रत्ना' आंबा त्या वर्षी प्रसारित झाला. काजूचा 'वेंगुर्ला-४' त्याच सालचा. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय सुरू झाले तेही १९८१ सालीच. रत्नाने नाव कमावले. नियमित फळ, मोठा आकार, आणि हापूसच्या गराला छळणारा साका हा दोष त्यात नाही. तज्ज्ञांनी वाखाणले, शेतकऱ्यांनी हौसेने चार कलमे लावली. तरीही बाग हापूसचीच राहिली, कारण वाशीचा व्यापारी पेटी उघडून हापूस मागतो. उलट, काजूच्या वेंगुर्ला-४ने गाजावाजा न करता डोंगर व्यापले. पूर्वी काजू बी टाकून लावत, झाड निघेल तसे निघे. कलमांनी बीचा आकार आणि उत्पन्न दोन्ही खात्रीचे केले. सर्वांत सुंदर संशोधन सर्वांत फायद्याचे ठरतेच असे नाही, हे या दोन समवयस्क वाणांकडे पाहिले की पटते.

अवजारांचाही उल्लेख इथेच करू. विद्यापीठाचा दातेरी 'वैभव' विळा आणि आंबा देठासकट उतरवणारा 'नूतन' झेला ही दोन साधने. वैभव विळ्याने भात जमिनीलगत कापले जाते, पेंढा जास्त मिळतो आणि धसकटात लपलेल्या खोडकिड्याची सोय कमी होते. देठासकट उतरलेल्या आंब्यावर चीक सांडत नाही, देठाकडून कुजण्याचे प्रमाण घटते. दोन्हींची किंमत मामुली. भातकापणीत दिवसभर वाकून राबणाऱ्या बाईच्या मनगटाचा ताण किती हलका झाला, हे मात्र अजून कोणी रुपयांत मांडलेले नाही.

१९९१ ते २०००: कलमांचे दशक

या दशकाकडे थोडे जास्त थांबून पाहिले पाहिजे. कारण विद्यापीठाने आधी वीस वर्षे केलेल्या कामाचे पैसे याच काळात वसूल झाले.

राज्य सरकारने १९९० साली रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली आणि लागवडीचा खर्च अनुदानातून मिळू लागला. कोकणच्या पडीक वरकसावर आंबा आणि काजू लावायची शेतकऱ्यांची धडपड सुरू झाली. एकाएकी लाखोंनी कलमे हवी होती. जुन्या भेटकलमाच्या पद्धतीने ती पुरी पडली नसती. वेंगुर्ला आणि दापोली येथे बसवलेले कोयकलमाचे आणि मृदुकाष्ठ कलमाचे तंत्र तोवर तयार होते. कोवळ्या रोपावर काडी बांधायची, पिशवीत वाढवायची, पावसाळ्यात लावायची. विद्यापीठाच्या रोपवाटिका अपुऱ्या पडल्या तेव्हा तिथे शिकलेल्या तरुणांनी गावोगाव खासगी रोपवाटिका काढल्या. कलम बांधणे हा कोकणात एक धंदा झाला.

आता यश कोणाचे मोजायचे? अनुदान नसते तर तंत्र कपाटात राहिले असते. तंत्र नसते तर अनुदानातून रायवळ आंब्याची आणि बेभरवशाच्या काजूची झाडे उभी राहिली असती. संशोधन, धोरण आणि शेतकऱ्याची हिंमत ही तीन माणसे एकच ओझे उचलत असतील तर प्रत्येकाने किती किलो उचलले हे सांगणे कठीण असते. मूल्यमापनाच्या पुस्तकांत वाटणीची सूत्रे आहेत. ती वापरावीत, पण निकालाला देवाचे वाक्य समजू नये.

हापूसची जुनी खोड म्हणजे वर्षाआड फळ. पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत 'कल्टार', पावसाळ्यात बुंध्याभोवती ठराविक मात्रेत दिले तर दरवर्षी मोहोर येतो, ही विद्यापीठाची शिफारस या काळात बागांमध्ये पोचली. परतावा झटपट होता; पुढच्याच हंगामात झाड बोलू लागे. वापर मात्र सगळीकडे शिफारशीबरहुकूम झाला नाही. ठेक्याने बाग घेणाऱ्याला तीन-चार हंगामांपुरतेच झाड हवे असते. त्याने हात सैल सोडला, खतपाणी आखडले आणि काही बागा थकल्या. विद्यापीठाने मात्रा, खत आणि छाटणी यांवर पुन्हा पुन्हा शिफारशी दिल्या, जुन्या बागांच्या पुनरुज्जीवनाचे तंत्र दिले. एका संशोधनाची उणी बाजू भरून काढायला दुसरे संशोधन लागते. त्याचा खर्च पहिल्याच्या नावे लिहायला हवा.

'सिंधू' हा जवळजवळ बिनकोयीचा आंबा १९९२चा, काजूचा 'वेंगुर्ला-७' १९९७चा. कर्जतहून १९९८ साली 'सह्याद्री' हा संकरित भात आला. त्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली.

सह्याद्रीचे उत्पादन चांगले, पण संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. दोन-चार पोत्यांचा धनी असलेला शेतकरी घरचे बी राखून लावतो. त्याच्या दृष्टीने दरवर्षीचा बियाण्याचा खर्च हीच मोठी अट. याच सुमारास डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत कोकणात फिरू लागली: भाताचे तूस आणि पेंढा जमिनीला परत, गिरिपुष्पाचा पाला, चार चुडांची नियंत्रित लावणी आणि त्या चौकोनाच्या मध्यावर चिखलात खोचलेली युरिया-डीएपीची ब्रिकेट. खत वाहून जात नाही, कमी लागते. तोट्याची बाजू मजुरीची. लावणीला माणूस मिळत नाही अशा तालुक्यात दोरी धरून चौकोन साधायला कोण येणार? वसई तालुक्याच्या पूर्व भागातल्या हातांना तोवर विरार आणि वसईच्या कारखान्यांची, बांधकामांची रोजंदारी उपलब्ध झाली होती.

लाभ मोजण्याची साधी रीत इथे सांगून टाकतो. समजा एखाद्या वाणामुळे हेक्टरी एकच क्विंटल भात वाढले आणि तो वाण एक लाख हेक्टरांवर पोचला. २०२४-२५ च्या हंगामातला साधारण भाताचा २,३०० रुपये हमीभाव धरला तर वर्षाला २३ कोटींची भर. यातून शेतकऱ्याचा वाढीव खर्च वजा करायचा, वाण शोधायला लागलेली दहा-बारा वर्षे आणि पसरायला लागलेली आणखी काही वर्षे लक्षात घेऊन व्याज आकारायचे, आणि न चाललेल्या वाणांचाही खर्च त्यातच मिळवायचा. हे शेवटचे पथ्य महत्त्वाचे. एका यशस्वी वाणाच्या पोटात दहा फसलेले संकर असतात. जगभरच्या २९२ अभ्यासांचा २००० साली जो एकत्र आढावा निघाला, त्यात परताव्याचा मध्यक वर्षाला ४४ टक्क्यांच्या आसपास आला. सरासरी त्याहून कितीतरी मोठी, कारण काही अभ्यासांनी फक्त विजयी घोड्यांचेच वजन केले होते.

२००१ ते २०१०: नामकरण आणि रानमेवा

विद्यापीठाला २००१ साली डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव देण्यात आले. याच आगेमागच्या वर्षांत विद्यापीठाचे लक्ष बांधावरच्या, परसातल्या, रानातल्या झाडांकडे वळले, ही आम्हाला फार मोलाची गोष्ट वाटते. कोकमाच्या 'कोकण अमृता'नंतर 'कोकण हातीस' आला. पालघर तालुक्यातल्या बहाडोली गावची टपोरी जांभळे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारात जात होती. त्यांतून निवडलेल्या झाडापासून 'कोकण बहाडोली' हा वाण तयार झाला. सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ शेळीही विद्यापीठाच्या कामामुळे स्वतंत्र जात म्हणून ओळखली गेली. या सगळ्यांत कर्जतची १९१९ची रीत पुन्हा दिसते: लोकांनी जपलेले निवडा, पारखा, परत द्या.

प्रशासकीय पुनर्रचना, महाविद्यालयांचे प्रश्न, पदभरती यांवरून या काळात मतभेद झाले. कोणत्या संस्थेत होत नाहीत? कामे थांबली नाहीत, एवढी नोंद पुरे.

उत्तर कोकणात मात्र संशोधनाला वेगळाच प्रतिस्पर्धी भेटला. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली. शहर पूर्वेकडे सरकू लागले. जमिनीचा गुंठ्याचा भाव असा झाला की हेक्टरी दोन-पाच क्विंटलांची वाढ त्यापुढे किरकोळ वाटावी. परताव्याच्या गणितात आपण गृहीत धरतो की जमीन शेतीतच राहील. चांदीपच्या आजूबाजूला ते गृहीतच डळमळले. विद्यापीठाचा यात दोष नाही. पण एखाद्या तालुक्यात नव्या वाणाखालचे क्षेत्र का वाढले नाही याचे उत्तर शोधताना बियाण्याच्या पिशवीबरोबर सातबाराही उघडावा लागतो.

२०११ ते २०२०: श्रेयाची वाटणी आणि वादळ

नेरळचे शेतकरी शेखर भडसावळे यांनी गादीवाफ्यावर, नांगरट आणि चिखलणी न करता टोकण पद्धतीने भात घेण्याचे 'सगुणा राइस तंत्र' पुढे आणले. लावणीच नाही, म्हणून मजूर कमी. कर्जत तालुक्यातच शंभर वर्षांचे सरकारी केंद्र आणि त्याच तालुक्यात शेतकऱ्याने उभारलेले तंत्र! यात कोणी कोणाला कमीपणा मानायचे कारण नाही. कर्जतचे हळवे, निमगरवे, गरवे (लवकर, मध्यम आणि उशिरा तयार होणारे) वाण या तंत्राच्या वाफ्यांवरही लावता येतात. आर्थिक परिणाम मोजणाऱ्याला मात्र इथे दमवणारे कोडे पडते. वाढलेल्या भातात केंद्राचे किती, शेतकऱ्याच्या कल्पनेचे किती, कृषी खात्याच्या प्रचाराचे किती?

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. कोसबाड टेकडीवर गोखले एज्युकेशन सोसायटीचे कृषी विज्ञान केंद्र १९७६ पासून आदिवासी शेतकऱ्यांत काम करत आले आहे. विद्यापीठाचे तंत्र डहाणू, जव्हार, विक्रमगडच्या पाड्यांपर्यंत नेण्यात अशा संस्थांचा हात मोठा. विस्तारावरचा खर्च संशोधनाच्या हिशेबात धरला नाही तर परतावा उगाच फुगतो, म्हणून ही आठवण इथे करून दिली.

भौगोलिक मानांकनांचे युग आले. हापूसचे मानांकन २०१८ साली मिळाले. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाचही जिल्हे आहेत, आणि अर्जदारांत विद्यापीठ होते. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली आणि वाडा कोलमला २०२१ साली मानांकन मिळाले. कोलमची गंमत पाहा. पन्नास वर्षे आपण जास्त उत्पादनामागे धावलो आणि ज्या बारीक दाण्याच्या गावठी भाताला कमी उत्पादनाचे म्हणून बाजूला सारत होतो, त्याला शेवटी नावाचा भाव मिळाला. चवीसाठी एक खाचर राखणाऱ्या शेतकऱ्याचा हिशेब तज्ज्ञांपेक्षा लांबचा निघाला, असे म्हणायला हरकत नाही.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले. सुपारी, नारळ, आंबा यांच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, मुरूड या पट्ट्यात जी झाडे पडली त्यांत नव्वदच्या दशकात लावलेली, ऐन उत्पन्नातली झाडेही होती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते येऊन गेले. भाताचे नुकसान पुढच्या पावसाळ्यात भरून निघते; कलमाचे भरायला दहा वर्षे लागतात. फळझाडांच्या संशोधनाचा लाभ तीस-चाळीस वर्षांवर पसरवून मोजणाऱ्या तक्त्यांना समुद्राने दिलेला हा शेरा होता. कोणत्या अंतरावर, कोणत्या वाऱ्याच्या आडोशाने, किती उंचीवर झाड राखायचे हे प्रश्न आता संशोधनाच्या अग्रक्रमात वर सरकले आहेत.

पन्नाशीनंतर

दिल्लीच्या राष्ट्रीय कृषी अर्थशास्त्र व धोरण संशोधन संस्थेचा अंदाज केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत उद्धृत झाला: कृषी संशोधनावरच्या एका रुपयातून १३ रुपये ८५ पैसे परत येतात. हा देशाचा आकडा आहे, कोकणाचा नव्हे. भाषणांत तो आता वारंवार ऐकू येईल. विद्यापीठाने तो जरूर सांगावा. त्याबरोबर आपल्या प्रत्येक प्रमुख वाणाखाली गावनिहाय किती क्षेत्र आहे याची पक्की नोंदही ठेवावी, कारण परताव्याच्या साऱ्या गणिताचा पाया तोच. पैदासकार बियाण्याची विक्री किती झाली, एवढ्यावरून क्षेत्राचा अंदाज बांधणे अपुरे आहे. चांदीपचा शेतकरी एकदा बी नेतो आणि पुढे तीन-चार वर्षे घरचेच पेरतो, शेजाऱ्याला अदलाबदलीत देतो. तो वाण विक्रीच्या वहीत एकदाच दिसतो आणि शिवारात अनेक वर्षे असतो.

आज विद्यापीठात कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी आणि मत्स्यविज्ञान यांचे शिक्षण चालते. कर्जत, वेंगुर्ला, भाट्ये, पनवेल, पालघर, श्रीवर्धन अशी केंद्रे आपापल्या पिकांवर काम करत आहेत. चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त कृषी संशोधन व विकास समितीच्या (ॲग्रेस्को) वार्षिक बैठकीत शिफारस मांडताना खर्च आणि उत्पन्नाचे गुणोत्तर द्यावे लागते. ते प्रयोगाच्या वाफ्यावरचे गुणोत्तर असते. शेतकऱ्याच्या खाचरातले पाच वर्षांनी पुन्हा मोजण्याची प्रथा दापोलीच्या कृषी अर्थशास्त्र विभागाने पाडली तर ती इतरांनाही उपयोगी पडेल.

या पन्नास वर्षांतले कुलगुरू, संचालक, शास्त्रज्ञ यांची नामावली अंकात अन्यत्र दिली आहे. तिच्यात न मावलेले पुष्कळ आहेत. भाताचा संकर करताना फुलोऱ्यातून चिमट्याने पुंकेसर काढून पिशव्या बांधणारे क्षेत्र सहायक, भर पावसात लावणीच्या ओळी धरणाऱ्या बायका, पंधरा-वीस वर्षे एकाच झाडाची फळे मोजून वहीत लिहिणारे माळी, प्रयोगाला आपले खाचर देणारे आणि तो फसल्यावर नुकसान निमूट सोसणारे शेतकरी. यांची मजुरी आणि यांची तूट खर्चाच्या बाजूला लिहिल्याशिवाय विद्यापीठाचा ताळेबंद जुळत नाही. शतकमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी त्या वह्या आतापासून जपून ठेवाव्यात. केंद्राकेंद्रांवर त्या आहेत, आणि काहींना वाळवी लागायला सुरुवात झाली आहे.